धीर धरायचा म्हणजे काय करायचं? दुखण्याखुपण्यात ख्रिस्ती माणसाला पडणारे नेहमीचे प्रश्न

हे कोण लिहितंय?

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण लागलेलं नाही.) आमचे हे सहा वर्षं डायलिसिसवर होते, मग गेले. त्या काळात लोकांनी मला विचारलेले आणि रात्री दोन वाजता मी स्वतःला विचारलेले प्रश्न इथे आहेत. आता मंडळीतल्या बायकांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जाते, तिथलेही आहेत. मी पाळकीण नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. बायबल तेवढं रोज उघडते. जिथे वचनाचा दाखला दिलाय तिथे तुम्हीही उघडून बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. वसईकडच्या कॅथलिक वाचकांना काही शब्द वेगळे वाटतील. आम्ही पाळक म्हणतो तिथे तुम्ही फादर म्हणता, पण दुखणं दोन्हीकडे सारखंच.

'धीर धरा' असं जो तो सांगतो. म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका तरुण मुलीने विचारला. तिच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ती म्हणाली, "काकू, सगळे धीर धर म्हणतात आणि निघून जातात. कशाला धरू? हाताला काही लागत तर नाही."

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दोन वेगवेगळे शब्द आहेत. सातव्या वचनात शेतकऱ्याचा दाखला आहे. तो आगोटीच्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो. तिथला मूळ ग्रीक शब्द लांबवर ताणलेल्या मनाचा, लगेच न चिडणारा, असा आहे. पुढे अकराव्या वचनात ईयोबाचं, मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या माणसाचं, नाव येतं आणि तिथे शब्द बदलतो. 'हुपोमोने' म्हणजे खाली राहणं. ओझं डोक्यावर आहे आणि तुम्ही त्याच्याखालून पळून गेला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. हसतमुखाने राहिलात का, कुरकुर केलीत का, ह्याबद्दल तो शब्द काही म्हणत नाही.

शेतकऱ्याचा दाखला आमच्या जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. पर्जन्यछायेतला भाग आहे. मृग कोरडा गेला तरी माणूस बाजेवर पडून राहत नाही. नांगरट झालेली असते, कुळवणी करायची असते, बियाणं आणून ठेवायचं असतं, बांध नीट करायचा असतो. पाऊस त्याच्या हातात नाही, बांध आहे. धीर धरणं म्हणजे मला तरी एवढंच कळलंय: पावसाचं काम देवाचं, बांधाचं आपलं. त्या मुलीला मी म्हटलं, बाळाला दर तीन तासांनी दूध काढून द्यायचंय ना? मग तुझा धीर सध्या त्या वाटीएवढा. पुढचं तीन तासांनी बघू.

देवावर राग येतो. पाप लागेल का?

ह्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माणसं तो विचारताना आवाज खाली आणतात.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. आपण तेविसावं पाठ करतो, एकशे एकविसावं प्रवासाला निघताना म्हणतो, एकशे तिसरं आनंदाच्या प्रसंगी. पण ह्या पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्रात दोन वचनांत चार वेळा 'कोठवर?' असं विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटीही वर येत नाही, अंधाराच्या शब्दावरच संपतं. आमच्याकडे उपासनेत ते वाचल्याचं मला आठवत नाही. वाचायला हवं. बाकावर बसलेल्यांपैकी कोणाचा तरी तो आठवडा तसाच गेलेला असतो.

ईयोब घ्या. आपण त्याला सोशिकपणाचा पुतळा करून टाकलाय. पहिल्या दोन अध्यायांत तो शांत आहे हे खरं. तिसऱ्यात तोंड उघडतो ते स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी, आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी भांडतो. त्याचे तीन मित्र मात्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलतात. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, देव कोणावर संतापतो? मित्रांवर. माझ्याविषयी योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही, असं सांगतो.

यिर्मया देवाला तोंडावर सांगतो की तू मला फसवलंस (20:7). वधस्तंभावर प्रभूने जे शब्द उच्चारले ते बाविसाव्या स्तोत्राचे, मला का सोडलंस असं विचारणारे. गुड फ्रायडेला आपण सात उद्गारांवर तीन तास बसतो, त्यातला हा चौथा.

रागाचं एकच सांगते, तो देवाशीच बोला. मागे, दुसऱ्याजवळ, अबोला धरून नको. माझं स्वतःचं भांडण स्वयंपाकघरात व्हायचं. बटाटे चिरून तासन्‌तास पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, पुन्हा नवं घालायचं, कारण डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियम चालत नाही. ते पाणी मोरीत ओतताना मी देवाला जे बोललेय ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलणं थांबवलं नव्हतं. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या वर्षांतली माझी खरी प्रार्थना तीच होती. सकाळची पाठ केलेली नव्हे.

हे माझ्या पापाचं फळ आहे का?

येशूच्या शिष्यांनी हेच विचारलं होतं. जन्मांध माणूस दिसला आणि त्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं (योहान 9). दुसऱ्या एका ठिकाणी शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त दोषी होते असं तुम्हाला वाटतं का, असं तो उलट विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो (लूक 13).

तरी आपल्या तोंडातून 'भोग आहेत', 'नशिबात होतं' निघतंच. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही निघतं. भाषाच ती आहे, तिला काय करणार. शब्द वापरला म्हणून कोणाचा विश्वास उडत नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या पापांचा हिशोब मांडू नका.

दारू पिऊन यकृत खराब झालं तर कारण उघड आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिथेही त्या माणसाला आपल्यापेक्षा ते चांगलं ठाऊक असतं.

मग देव हे का होऊ देतो?

ईयोबाला देव चार अध्याय उत्तर देतो, अडतीस ते एकेचाळीस. त्यात समुद्र आहे, हिमाची कोठारं आहेत, रानगाढव आहे, अंडी जमिनीत टाकून विसरून जाणारी शहामृगी आहे. 'का' ह्याबद्दल अक्षरही नाही. पहिल्या अध्यायात स्वर्गात काय बोलणं झालं ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. बायबलने जे सांगितलं नाही ते मी सांगायला गेले तर त्या तीन मित्रांच्या रांगेत चौथी जाऊन बसेन.

'देव झेपेल तेवढंच देतो' हे वचन कुठे आहे?

कुठेच नाही. लोक 1 करिंथ 10:13 दाखवतात. तो अध्याय मूर्तिपूजेचा मोह आणि रानातल्या इस्राएल लोकांच्या चुका ह्यांबद्दल आहे. मराठीत तिथे 'परीक्षा' शब्द आल्यामुळे घोटाळा होतो. पाप करण्याच्या मोहातून बाहेर पडायला वाट असते, असं ते वचन सांगतं. कर्करोग, कर्ज, पोराचा अपघात ह्यांबद्दल ते बोलतच नाही.

झेपण्याबद्दल पौल काय म्हणतो ते दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात बघा, आठवं वचन. आसियात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा उरली नाही, असं तो लिहितो. प्रेषिताला झेपलं नाही. तुम्हाला झेपत नसेल तर लाजायचं काय?

यिर्मया 29:11 आमच्या भिंतीवर आहे. त्यावर विश्वास ठेवू की नको?

'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' असं सांगणारं ते वचन. ठेवा विश्वास, पण दहावं वचनही वाचा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते छापत नाहीत. बाबेलात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं हे वचन आहे, आणि आधीच्याच ओळीत सत्तर वर्षं लागतील असं सांगितलंय. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण परत जाणार नव्हते. दोन वर्षांत सुटका होईल असं सांगणारा एक संदेष्टा तेव्हा होता, हनन्या नावाचा. लोकांना तोच आवडला असणार. यिर्मयाने उलट लिहिलं: घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मला हे पत्र फार धीराचं वाटतं ते ह्याचसाठी. दुखणं संपल्यावर जगू, असं आपण ठरवून टाकतो. आम्हीही दोन वर्षं तसंच केलं. घराला रंग नाही, कोणाच्या लग्नाला जाणं नाही, सगळं 'हे बरं झालं की'. मग एकदा डायलिसिसच्या खुर्चीवरूनच हे म्हणाले, "ह्या नाताळला करंज्या कर. मला चालणार नाहीत, पोरांना चालतील." त्या वर्षी करंज्या झाल्या. पडदेही बदलले.

विश्वास असेल तर औषध कशाला?

हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. तुला बरं करीन, असं देवाने त्याला कळवलं, आणि लगेच पुढे यशया म्हणतो, अंजिरांचा लेप आणा (2 राजे 20). देवाने बरं केलं आणि लेपही लावला, दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता.

एका चंगाई सभेत आम्हाला बाहेरून आलेल्या एका वक्त्याने सांगितलं होतं की डायलिसिस चालू ठेवणं हीच विश्वास कमी असल्याची खूण आहे. यांनी त्यांचं ऐकून घेतलं, हात जोडले आणि सोमवारी नेहमीप्रमाणे सकाळी सातला पिशवी घेऊन दवाखान्यात गेले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. आधी वजन, मग हातातल्या फिस्टुलात (धमनी आणि शीर जोडून सुयांसाठी केलेली जागा) दोन सुया, संपल्यावर पुन्हा वजन. फिस्टुला चालू आहे का हे रोज बोटाने बघायचं असतं. खाली मधमाशी गुणगुणावी तशी थरथर लागते. मी ती रोज सकाळी बघायचे आणि "आहे" म्हणायचे. उपकारस्तुती म्हणाल तर तीच.

गोळ्या बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याच्या मागे किती माणसं आहेत ते बघू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करू नका. मधुमेहाचं इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, मनाच्या आजाराची औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेततं.

इतकी प्रार्थना करूनही काही झालं नाही. माझं कुठे चुकलं?

गेथशेमानेत प्रभूने हा प्याला टळो म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा पुरेल एवढंच उत्तर मिळालं. ह्या दोघांचं प्रार्थनेत काही चुकलं असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

उपास कमी पडला, एकवीस दिवसांची साखळी विसाव्या दिवशी तुटली, घरात अमुक वस्तू होती, असं सांगणारे भेटतील. ते देवाला सरकारी खिडकीवरचा कारकून समजतात. एक कागद कमी पडला की अर्ज परत.

उद्याचं कसं होणार ह्या विचाराने झोप लागत नाही.

रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोज पडायचा आणि रोजच गोळा करायचा होता. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यात किडे पडले (निर्गम 16). ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, हे प्रभूचं वाक्यही त्याच चालीचं आहे.

आता ह्याचा अर्थ विमा काढू नका, हप्त्यांचं बघू नका असा नाही. योसेफाने सात वर्षांचं धान्य साठवलंच होतं. जे कागदावर लिहून सुटण्यासारखं आहे ते रात्री नको, सकाळी वहीत लिहा: कोणाचे किती द्यायचे, कोणाशी बोलायचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. वहीत न मावणारं जे उरतं तेवढ्याचीच प्रार्थना करा. बरंच कमी उरतं, माझा अनुभव आहे.

आमच्याकडे पाण्याचं माप होतं. दिवसाला जेमतेम लिटरभर, त्यातच चहा आणि आमटी. मी एका बाटलीवर पेनाने रेघ मारली होती. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचलाच पाणी रेघेखाली जायचं आणि रात्र उरायची. तेव्हा बर्फाचा एक खडा. हे तो जिभेवर धरून डोळे मिटायचे. वीस मिनिटं पुरायचा. मग दुसरा.

नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात, वधस्तंभ उचल, धीर धर.

नाही. ह्या एका प्रश्नाला मी 'पण' लावणार नाही.

शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला, आणि रात्री बायकोने त्याला खिडकीतून खाली सोडलं. दिमिष्कात पौलाला मारायला लोक टपले होते, तेव्हा शिष्यांनी त्याला पाटीत बसवून गावकुसावरून उतरवलं. नासरेथकर येशूला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. ह्यांच्यापैकी कोणाला अधीर म्हणत नाहीत.

घरातून बाहेर पडा, आईकडे, बहिणीकडे, ओळखीच्या घरी. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीला 112 हे नंबर आहेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्यालाही लागू आहे. आणि पाळकसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर दोघांना समोरासमोर बसवून समेट करायची घाई करू नका. ती तुमच्यासमोर खरं बोलेल आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजेल.

जगावंसंच वाटत नाही. ख्रिस्ती माणसाला असं वाटणं बरोबर आहे का?

एलीयाला वाटलं होतं. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर लगेच. एका झुडपाखाली बसून तो देवाला म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, त्याने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली, उठून खा म्हणाला. एलीया जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा जेवायला घातलं. वाट लांबची आहे, तुला झेपणार नाही म्हणून. बोलणं त्यानंतर, तेही होरेबला पोचल्यावर, अगदी हलक्या आवाजात (1 राजे 19).

तेव्हा आधी जेवण आणि झोप. ती दोन्ही आठवडे-आठवडे बिघडली असतील, सारखं रडू येत असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर आजच कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. 14416 ह्या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी लावलाय. पलीकडच्या बाईंनी वचन सांगितलं नाही, पण मी आज काय खाल्लं ते विचारलं. मला एलीयाचा दूत आठवला.

प्रार्थनेला बसते पण शब्दच येत नाहीत.

मग दुसऱ्याचे घ्या. स्तोत्रं त्याचसाठी आहेत. प्रभूची प्रार्थना आहे. उपासनासंगीत, म्हणजे आपलं गीतांचं पुस्तक, घ्या आणि पाठ असलेलं एक कडवं म्हणा, चाल चुकली तरी चालेल. तेही होत नसेल तर नुसते बसा. शब्द नसलेले उसासे आत्मा पोचवतो असं रोम 8:26 मध्ये आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांत ह्यातून गेलेलं कोण आहे?

पुष्कळ, पण दोघींबद्दल सांगते.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. विशीच्या आत, दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी देशभर हिंडल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवराही गेला, मांडीवर लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इथे पुण्या-मुंबईत काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या. उपासमारीने आपल्या माणसांचं काय होतं ते त्यांनी घरात पाहिलं होतं. मला वाटतं त्या मुलींकडे बघताना त्यांना दुष्काळाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

आणि मग बायबल. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. कितीतरी वर्षं ते काम चाललं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती संस्थेच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. सगळं जिच्या हाती सोपवायचं ती लेकच. रमाबाई त्यानंतर वर्षही जगल्या नाहीत, एप्रिल 1922 मध्ये गेल्या, पण भाषांतराचं काम तेवढ्यात उरकलेलं होतं. केडगावला गेलात तर बघा, पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडे आहे.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं घर एका दिवसात मोडलं. पदरात दत्तू. नवरा जिवंत आणि तरी नाही. काही वर्षं त्या नातलगांकडे राहिल्या. परत आल्या तेव्हाही नवरा म्हणतो म्हणून धर्म बदलला नाही. स्वतःच्या डोक्याने विचार केला, स्वतःच्या वेळेने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. धीर ह्याचाही असतो, दुसऱ्याच्या वेगाने विश्वास न ठेवण्याचा. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा ख्रिस्तावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे न्यायला ह्या बसल्या, ज्यांना शाळा अशी कधी मिळालीच नव्हती.

त्यांची 'स्मृतिचित्रे' मी डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर वाचली. एवढं सोसलेली बाई पानोपानी हसवते. एकदा मी इतकी मोठ्याने हसले की सिस्टर बाहेर आल्या. त्यांना वाटलं रडतेय.

दुःखातल्या घरी गेल्यावर काय बोलावं?

ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट धड केली. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी शब्द बोललं नाही. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि घात केला.

मयताच्या घरी रोम 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून भल्याचंच होतं हे वचन, म्हणू नका. वचन खरं आहे, पण ते ज्याचं दुःख त्याने म्हणायचं, वर्षा-दोन वर्षांनी, म्हणावंसं वाटलं तर. 'देवाला फुलं आवडतात म्हणून तो चांगली माणसं नेतो' हे तर कुठल्याच शास्त्रात नाही. मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना, थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत, हे प्रभूला माहीत होतं. तरी तो आधी रडला.

'काही लागलं तर सांग' असंही म्हणू नका, कोणी सांगत नाही. डबा न्या, स्टीलचा नको, परत द्यायची कटकट नको. गॅस सिलिंडर नोंदवून द्या. दवाखान्यात दुपारी दोन ते पाच बसा म्हणजे ती बाई घरी जाऊन अंघोळ करून येईल. माझ्याकडे शेजारच्या मुसलमान भाभी सहा वर्षं दर शुक्रवारी पोळ्या द्यायच्या. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "आज कणिक जास्तच मळली गेली." दर शुक्रवारी जास्त मळली जायची.

किती दिवस लागतात?

योसेफ सतरा वर्षांचा असताना विकला गेला, फारोसमोर उभा राहिला तेव्हा तिशीत होता. त्यातली दोन वर्षं तर ज्याच्यावर उपकार केला तो प्यालेबरदार विसरला म्हणून गेली. अब्राहामाला वचन मिळालं पंच्याहत्तराव्या वर्षी, इसहाक झाला शंभराव्या. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अशी सगळी नावं आहेत, आणि शेवटी काय लिहिलंय? ह्या सर्वांना वचन दिलेलं मिळालं नाही.

तुमच्या प्रार्थनेचं उत्तर मिळालं का?

मी किडनी मागितली होती. मिळाली नाही. माझी जुळली नाही, दिराची जुळली पण त्याला साखर निघाली. रांगेत नाव होतं, रांगेतच राहिलं.

जाण्याआधीच्या आठवड्यात यांनी मला विचारलं, "आज तेविसावं नको, दुसरं काही वाच." मी उघडलं तर हबक्कूक निघालं, तिसरा अध्याय. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मी वाचायची थांबले. म्हटलं, मला हे नाही जमत. हे म्हणाले, "मला तरी कुठे जमतंय. पुढे वाच."

तुम्ही आमच्या घरी प्रार्थनेला याल का?

येतो. आपापल्या मंडळीतल्या महिला मंडळाला आधी विचारा, तिथेही बहुतेक अशा चारजणी असतातच. आमच्या भागात असाल तर बुधवारी दुपारी चारनंतर. चहा ठेवू नका, चिवडा तर मुळीच नको. आजारी माणूस झोपलेला असेल तर उठवू नका, आम्ही बाहेरच्या खोलीत बसू. आम्ही पाचजणी असतो. त्यातल्या एकीचा आवाज फार मोठा आहे, तिने गाणं धरलं की वरच्या मजल्यावरचे खाली येतात. तेवढी शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.